मुरमाच्या माळासाठी पाणी धरणारं जेल : प्रकल्प नोंदी, नोव्हेंबर २०२४ ते जून २०२५

१२ नोव्हेंबर २०२४

दादा आज अंबडहून जालन्याला आला, तो पाच लिटरच्या कॅनमध्ये विहिरीचं पाणी, दोन पिशव्या माती आणि एक अर्धं उरलेलं पाकीट घेऊनच. एका पिशवीत बरडावरचा मुरूम, दुसरीत खालच्या वावरातली काळी. पाकिटावर ठळक छापलंय : 'वजनाच्या ४०० पट पाणी धरते.' जूनमध्ये त्याने सीताफळाच्या रोपांना खड्ड्यात घातलं होतं. पावसाने ओढ दिली तेव्हा जेल घातलेली रोपं आणि न घातलेली रोपं एकदमच माना टाकून बसली. त्याचं म्हणणं सरळ आहे : "हे खोटं आहे का, एवढंच मला सांग."

एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थ्यांना प्रकल्पाला विषय हवाच होता. ठरवलं, हाच घ्यायचा. आधी पाकिटातलं जेल तपासायचं, मग आपण स्वतः करून बघायचं.

वर्गात दोघांना थोडी पार्श्वभूमी सांगितली. अमेरिकेत पिओरिया इथल्या शेती खात्याच्या प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात मक्याच्या स्टार्चवर अ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या साखळ्या वाढवून, त्या अल्कलीत शिजवून असा पदार्थ केला गेला. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८०च्या दशकात 'जलशक्ती' विकसित केलं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं 'पुसा हायड्रोजेल' सेल्युलोजवर आधारलेलं आहे, हेक्टरी अडीच ते पाच किलो. म्हणजे विषय जुना आहे आणि त्यावर आपल्याच लोकांनी बरंच काम केलेलं आहे. आपल्याला उत्तर शोधायचंय ते एका माळापुरतं.

१८ नोव्हेंबर

फुगवट मोजायची साधी पद्धत : चहाच्या पिशवीसारखी जाळीची पिशवी करायची, तीत ०.२ ग्रॅम कोरडं जेल घालायचं, पाण्यात सोडायचं, मग १५ मिनिटं टांगून निथळू द्यायचं आणि वजन करायचं. रिकाम्या ओल्या पिशवीचं वजन वजा. जाळी स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानातून आणली, बोल्टिंग क्लॉथ. कडा सीलिंग मशीनने चिकटवल्या.

पहिल्या पिशव्या फार लहान झाल्या. ०.२ ग्रॅमचं ८० ग्रॅम झालं तर ते मावायला जागा हवी, नाहीतर जेल पिशवीला दाबून बसतं आणि आकडा खोटा कमी येतो. १० सेंमी बाय २० सेंमीच्या नव्या शिवल्या.

२१ नोव्हेंबर

पाकीट खोटं बोलत नाही. डिस्टिल्ड पाण्यात ३८८ पट. तीन पिशव्यांची सरासरी, तीनही आकडे जवळजवळ.

दादाच्या विहिरीच्या पाण्यात : ६६ पट.

विद्यार्थिनीने वजनकाटा पुन्हा शून्यावर आणून तिन्ही पिशव्या परत मोजल्या. ६४, ६६, ६९. काटा बरोबर आहे. दादाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर पहिल्याच आठवड्यात मिळालं. ४०० पट हा आकडा खरा आहे, पण तो ज्या पाण्याचा आहे ते पाणी त्याच्या शेतात कुठेच नाही.

२५ नोव्हेंबर

आता पाणी तपासलं. ईडीटीएने टायट्रेशन, एरिओक्रोम ब्लॅक टी घालून. वाइनसारखा लाल रंग जाऊन स्वच्छ निळा येईपर्यंत. विहिरीची एकूण कठीणता, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, लिटरला ५४० मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, ११८०. प्रयोगशाळेच्या नळाला येणारं पाणी त्या मानाने सौम्य, कठीणता १८०, आणि त्यात जेल १५० पटीच्या आसपास फुगतं.

दोघांना फळ्यावर समजावलं ते इथे लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

जेल म्हणजे साखळ्यांचं जाळं. साखळीवर जागोजागी कार्बोक्झिलेट गट, त्यांच्यावर ऋण भार. तो भार झाकायला सोडियम किंवा पोटॅशियमचे आयन जाळ्यातच फिरत असतात. जाळ्याच्या आत आयनांची दाटी, बाहेर शुद्ध पाणी. म्हणून पाणी आत घुसतं, आणि जाळं ताणून थांबवेपर्यंत घुसत राहतं. बाहेरच्या पाण्यातच क्षार असले की आत-बाहेरचा फरक कमी होतो, ओढ कमी होते. मीठ असेल तर गोष्ट इथेच थांबते. कॅल्शियम आणखी एक करतं : त्याच्यावर दोन भार, म्हणून ते एकाच वेळी दोन कार्बोक्झिलेटना धरतं आणि दोन साखळ्या एकमेकींना बांधून टाकतं. जाळ्याला नवी टाचणी बसते. ती सहजी निघत नाही.

हिशेबही केला. आपल्यासारख्या जेलमध्ये ग्रॅमला सुमारे ७ मिलिइक्विव्हॅलंट (भार मोजायचं माप) कार्बोक्झिलेट, म्हणजे ०.२ ग्रॅममध्ये १.४. दादाच्या एक लिटर पाण्यात कठीणता १०.८ मिलिइक्विव्हॅलंट. म्हणजे एका लिटरमध्ये सगळ्या जागा सातदा भरतील एवढे आयन आहेत. यावरून लगेच कळलं की पिशवी किती पाण्यात बुडवली यावरही आकडा बदलणार. २०० मिलि पाण्यात बुडवणाऱ्याला आपल्यापेक्षा चांगला आकडा मिळेल. आता नियम : कायम एक लिटर.

३ डिसेंबर

फेऱ्या. फुगवा, ओव्हनमध्ये ६० अंशाला वाळवा, पुन्हा विहिरीच्या नव्या पाण्यात फुगवा. शेतात हेच होणार आहे, प्रत्येक पाळीला नवं पाणी, नवं कॅल्शियम.

पाकिटातलं जेल : ६६, ४१, ३०, २५, २३.

पाचव्या फेरीनंतर तेच जेल डिस्टिल्ड पाण्यात टाकलं. ३७. परत आलंच नाही. दिसायलाही वेगळं. पहिल्या दिवशी काचेसारखं पारदर्शक होतं, आता दुधी आणि रबरासारखं चिवट.

दादाला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे पाणी बदललं पाहिजे किंवा जेल." पाणी बदलणं आपल्या हातात नाही.

१६ डिसेंबर

पहिली स्वतःची बॅच. कृती :

मक्याचा स्टार्च ६ ग्रॅम, १०० मिलि उकळून थंड केलेल्या पाण्यात ८५ अंशाला अर्धा तास, खळीसारखा पारदर्शक होईपर्यंत. अ‍ॅक्रिलिक आम्ल ३६ ग्रॅम, म्हणजे अर्धा मोल. ते बर्फात ठेवून त्यात १४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइडचं ४० मिलि द्रावण थेंबथेंब, ७० टक्के आम्ल उदासीन करायला. क्रॉसलिंकर म्हणून, म्हणजे साखळ्या एकमेकींना बांधायला, मिथिलीनबिसअ‍ॅक्रिलअमाइड १८ मिलिग्रॅम. स्टार्च ६० अंशाला आणून अभिक्रिया सुरू करायला पोटॅशियम परसल्फेट ०.३६ ग्रॅम, दहा मिनिटांनी मोनोमरचं, म्हणजे ज्याच्या साखळ्या होणार त्या आम्लाचं, मिश्रण. नायट्रोजन चालू. सगळं फ्यूम हूडमध्ये, हातमोजे आणि चष्मा लावून, कारण अ‍ॅक्रिलिक आम्ल त्वचा जाळतं.

पाणी उकळून घेतलं, कारण विरघळलेला ऑक्सिजन मोकळे रॅडिकल गिळतो आणि अभिक्रिया सुरूच होत नाही. २२ मिनिटांनी स्टररचा आवाज बदलला, काडी अडकली, आणि बीकरमध्ये खरवसासारखा गोळा. कात्रीने तुकडे करून ६५ अंशाला वाळवला.

डिस्टिल्ड ४१२, विहीर ७१. पाकिटाच्या तोडीस तोड, आणि त्याच्याच दुखण्यासकट. हिला 'सैल' म्हणायचं.

२० डिसेंबर

आज जे झालं ते सविस्तर लिहितेय, पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी.

काळजीपोटी कुणीतरी अ‍ॅक्रिलिक आम्लाची बाटली रात्री फ्रिजमध्ये ठेवली. ज्वलनशील, संक्षारक, म्हणून थंड जागी ठेवलेलं बरं, असा विचार. हे आम्ल १३-१४ अंशाला गोठतं. सकाळी बाटलीत पांढरे स्फटिक. विद्यार्थी ती गरम पाण्याच्या बाथमध्ये, ८० अंशाला, ठेवणार एवढ्यात मी पोचले.

कारण हे. बाटलीतल्या आम्लाचं आपोआप पॉलिमर होऊ नये म्हणून त्यात एमईएचक्यू नावाचा रोधक मिसळलेला असतो, दहा लाखात २०० भाग. आम्ल गोठताना स्फटिक शुद्ध बनतात आणि रोधक उरलेल्या द्रवात ढकलला जातो. असं आम्ल झपाट्याने वितळवलं तर काही भाग रोधकाशिवायचा, आणि तोच गरम. तिथून अभिक्रिया पेटली तर बाटली बंद, उष्णतेला वाट नाही. शिवाय या रोधकाला काम करायला विरघळलेला ऑक्सिजन लागतो, म्हणून ही बाटली साठवताना नायट्रोजनखालीही ठेवायची नाही. अभिक्रियेत जो ऑक्सिजन नको, तोच साठवणीत हवा.

बाटली टेबलावर २५ अंशाला ठेवली, अधूनमधून हलक्या हाताने हलवत. वितळायला संध्याकाळ झाली. कपाटावर मराठीत मोठ्या अक्षरांत सूचना लावली : १५ अंशाच्या खाली नाही, २५ अंशाच्या वर नाही.

८ जानेवारी २०२५

सोडियम सोडून पोटॅशियमकडे. दादाच्या खालच्या वावराच्या कडेला थोडी चोपण जमीन आहेच. सोडियम चिकणमातीचे कण सुटे करतं, पाणी मुरायचं थांबतं. जी जमीन चोपण होऊ नये म्हणून शेतकरी धडपडतो, तिच्यात आपण जेलमधून सोडियम घालणं मला पटत नाही. पोटॅशियम निदान झाडाच्या कामाचं.

पहिल्या पोटॅशियम बॅचमध्ये चूक झाली. हिशेबाने पोटॅशियम हायड्रॉक्साइड १९.६ ग्रॅम लागतं आणि तेवढंच तोललं, पण बाटलीवर ८५ टक्के लिहिलंय. उरलेलं बहुतेक पाणी. २३.१ ग्रॅम हवं होतं. उदासीनता ७०ऐवजी ६० टक्क्यांवर राहिली, भार कमी, फुगवट कमी. बॅच टाकून दिली.

अ‍ॅक्रिलअमाइड वापरण्याचा प्रश्न विद्यार्थिनीने विचारला. शेतीच्या बऱ्याच जेलमध्ये ते असतं आणि भार नसल्याने क्षारांना कमी बधतं. पण पॉलिमर होण्याआधीचं अ‍ॅक्रिलअमाइड मज्जासंस्थेला विषारी आहे, आणि आमच्या प्रयोगशाळेत उरलेलं अचूक मोजायची सोय नाही. त्यामुळे नाही.

२२ जानेवारी

मातीच्या भाराखाली जेल किती फुगतं, हे अजून कुणी विचारलंच नव्हतं. खड्ड्यात २० सेंमी खोल घातलेल्या जेलवर वीस सेंमी माती बसलेली असते. घनता १.३ धरली तर दर चौरस सेंमीला २६ ग्रॅम. पिशवीतलं जेल मात्र मोकळं तरंगतं.

साधन घरीच केलं : २५ मिमी आतल्या व्यासाची काचेची नळी, तळाला बोल्टिंग क्लॉथ, आत ०.२ ग्रॅम जेल, वर सैलसर बसणारा प्लास्टिकचा गट्टू आणि त्यावर १२८ ग्रॅमचं वजन. वजनासाठी वर्कशॉपच्या मामांनी लेथवर लोखंडी दंडगोल कापून दिला, पहिल्याच फटक्यात १२८.३. नळी उथळ डिशमध्ये विहिरीच्या पाण्यात उभी.

सैल : मोकळं ७१, भाराखाली १४.

चारशेचं चौदा झालं. आजवर आम्ही पाण्याला दोष देत होतो, पण निम्मी गोष्ट भाराची होती.

३० जानेवारी

क्रॉसलिंकर चौपट केला, १८ऐवजी ७२ मिलिग्रॅम, पोटॅशियम घेऊन. जाळं घट्ट, म्हणून मोकळ्या पाण्यात कमी फुगणार हे माहीत होतं. डिस्टिल्डमध्ये १८० वरच थांबलं. विद्यार्थ्याचा चेहरा पडला. महिनाभर तो ४०० च्या वर जायचा प्रयत्न करत होता.

मग भाराखाली लावलं. २२.

सैल जेल दाबाखाली चिखलासारखं पसरतं, दाण्यांमधल्या फटी बुजतात, पाणी वर चढतच नाही. घट्ट जेलचे दाणे फुगूनही दाणेच राहतात आणि वजन उचलून धरतात. पाकिटावर छापण्याचा आकडा निम्म्याहून कमी झाला, जमिनीतला दीडपटीने वाढला. हिचं नाव 'घट्ट'.

मात्र पाच फेऱ्यांनंतर भाराखालची २२ ची ११ झाली. कॅल्शियमने पाठ सोडलेली नाही.

दाण्याचा आकारही आज ठरवला. बारीक भुकटी पाण्यात टाकली की बाहेरचा थर फुगून आतला कोरडा राहतो, पिठाच्या गुठळ्यांसारखं. शिवाय भुकटी उडून नाकात जाते, मास्क न लावता दळायचं नाही. अर्धा ते एक मिलिमीटर, दोन चाळण्यांच्या मधलं, तेवढंच घ्यायचं.

१४ फेब्रुवारी

कॅल्शियमवर उपाय म्हणून सल्फोनेट, ऋण भाराचाच दुसरा गट. कार्बोक्झिलेटला कॅल्शियम घट्ट धरतं, सल्फोनेटला तितकं नाही. सल्फोनेट गट असलेला, अ‍ॅक्रिलिक आम्लाशी सहज जुळणारा मोनोमर म्हणजे एटीबीएस. तो मिळवायला फार लांब जावं लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात लोटे परशुरामला विनती ऑरगॅनिक्स तो बनवते आणि जगभर पाठवते. आम्ही शंभर ग्रॅमची बाटली विक्रेत्याकडून घेतली.

अ‍ॅक्रिलिक आम्ल २५ ग्रॅम, एटीबीएस ११ ग्रॅम, ८५ टक्क्यांचं पोटॅशियम हायड्रॉक्साइड १९.५ ग्रॅम, क्रॉसलिंकर ७२ मिलिग्रॅम. बाकी तसंच. एटीबीएस तीव्र आम्ल असल्याने उदासीन करताना बर्फ दुप्पट लागला.

२४ फेब्रुवारी

'घट्ट-सल्फो'. डिस्टिल्डमध्ये १५५. विहिरीच्या पाण्यात भाराखाली २४. पाच फेऱ्यांनंतर १८.

या १८ साठी तीन महिने गेले. दोघांनी हा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून चौकट केली आहे आणि कुणी पुसू नये म्हणून खाली सूचना लिहिली आहे.

३ मार्च

नायलॉनच्या सहा पिशव्यांत घट्ट-सल्फो तोलून घातलं आणि दादाच्या मुरमात २० सेंमी खोल पुरलं. जूनमध्ये काढायचं. जेलमध्ये स्टार्च आहे म्हणून ते 'जैवविघटनशील' म्हणायची पद्धत पडली आहे. ते म्हणायचं की नाही हे मला जमिनीतून काढून ठरवायचं आहे.

परत आल्यावर उरलेला मोनोमर मोजला. जेल मिठाच्या पाण्यात भिजवून, त्या पाण्यावर ब्रोमेट-ब्रोमाइड टायट्रेशन. ०.८ टक्के. कोरड्या जेललाही अ‍ॅक्रिलिकचा उग्र आंबट वास येत होताच. मुळांजवळ घालायच्या वस्तूला हे चालणार नाही. शेवटी थोडं सोडियम मेटाबायसल्फाइट टाकून अर्धा तास जास्त ६५ अंशाला ठेवलं, तर ०.१ टक्क्याच्या खाली आलं. वास गेला.

११ मार्च

दोन्ही मातींचा अर्क काढला, एक भाग माती दोन भाग डिस्टिल्ड पाणी, रात्रभर हलवून गाळलं. पावसाचं पाणी मातीतून झिरपून जेलपर्यंत पोचतं तेव्हा कसं असेल, याची कल्पना यावी म्हणून. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर काळी फसफसून वर आली. मुरूम जेमतेम चुरचुरला. काळीत चुनखडी भरपूर आहे.

सैल जेल काळीच्या अर्कात ११८, मुरमाच्या अर्कात २०५. म्हणजे पावसाचं पाणी वापरलं तरी काळीत कॅल्शियम चुकत नाही. ते वरून नाही आलं तर खालून येतं.

२ एप्रिल

कुंड्या. शेडनेटखाली, प्रत्येकी ३ किलो माती, ६ ग्रॅम जेल. तीन प्रकार : काहीच नाही, पाकिटातलं, घट्ट-सल्फो. दोन माती, प्रत्येक प्रकाराच्या सहा कुंड्या, एकूण ३६. रोप सूर्यफुलाचं. माती किती कोरडी झाली की झाड कायमचं सुकतं हे ठरवायला सूर्यफूल फार पूर्वीपासून वापरतात. ते पटकन मान टाकतं आणि पाणी मिळालं की पटकन उचलतं. सीताफळ या दिवसांत पानं गाळून बसतं, त्यावर काही कळलं नसतं.

विहिरीचं पाणी भरपूर दिलं, निथळू दिलं, वाफसा आला, मग बंद. संध्याकाळी माना टाकलेलं रोप पहाटेपर्यंत सावरलं नाही तर तो दिवस धरायचा.

आधी हिशेब लिहून ठेवला, निकाल बघून हिशेब जुळवला असं होऊ नये म्हणून. ६ ग्रॅम गुणिले २४ म्हणजे १४४ मिलि. कुंडीतून दिवसाला सुमारे ५० मिलि जातं, रोज तोलून पाहिलंय. म्हणजे जेमतेम तीन दिवस. पाकिटावरचे ४०० पट खरे असते तर २४०० मिलि, ४८ दिवस. दादाने खड्ड्यात जेल घातलं तेव्हा त्याच्या मनात हेच ४८ दिवस होते.

१५ एप्रिल

मुरूम : काहीच नाही, ६ दिवस. पाकिटातलं, ७. घट्ट-सल्फो, ९.

काळी : ११, ११, १२.

मुरमात तीन दिवस, हिशेबाप्रमाणे. काळीत एक दिवसाचा फरक आहे, पण एकाच प्रकारच्या सहा कुंड्यांमध्येही एक दिवस मागेपुढे होतोच, त्यामुळे तो फरक मी धरत नाही. काळी स्वतःच एवढं पाणी धरते की तिथे जेलला करण्यासारखं फार उरत नाही, आणि जे उरतं ते चुनखडी काढून घेते.

रात्री दादाशी अर्धा तास बोलले. खालच्या वावरात काही घालू नकोस, माळावरच घालू. त्याने विचारलं, पेरणीबरोबर सगळ्या शेतात फेकलं तर? हेक्टरी पाच किलो, ४०० पट जरी धरलं तरी दोन हजार लिटर, म्हणजे ०.२ मिमी पाऊस. आपल्या २४ पटीने १२० लिटर. म्हणूनच कृषी संशोधन संस्थेची शिफारसही बियाण्याच्या ओळीत घालण्याची आहे, विस्कटण्याची नाही. आपण फक्त खड्ड्यात घालायचं, खड्ड्याला ५० ग्रॅम, मुळांच्या पातळीवर मातीत कालवून. सव्वा लिटरच्या आसपास पाणी.

"तीन दिवस म्हणजे एक टँकर लांबतो," तो म्हणाला. मी तीन दिवसांकडे तसं कधी पाहिलं नव्हतं.

२९ एप्रिल

८० खड्ड्यांपैकी ४० ला जेल, म्हणजे दोन किलो. एका बीकरमधून ५३ ग्रॅम निघतं. विद्यार्थ्यांनी माझ्या परवानगीने दसपट बॅच प्लास्टिकच्या बादलीत लावली. परवानगी द्यायला नको होती.

गणित आधी करता आलं असतं. अ‍ॅक्रिलिक आम्लाच्या प्रत्येक मोलला पॉलिमर होताना सुमारे ७७ किलोज्यूल उष्णता सुटते. ती बाहेर गेली नाही तर आमच्या मिश्रणाचं तापमान ४५-५० अंशांनी वाढतं. ६० अधिक ४८. छोट्या बीकरमध्ये भिंती जवळ असतात, उष्णता निघून जाते. बादलीत मध्यभागापासून भिंत लांब, शिवाय जेल दाट झालं की ते हलवता येत नाही आणि साखळ्यांची टोकं अडकून अभिक्रिया आणखी वेग घेते. बादली उकळली, फेस हूडच्या काचेपर्यंत आला. काच खाली ओढलेली होती, कुणाला काही झालं नाही. दोघंही घाबरले होते. त्या दिवशी काम बंद केलं आणि चहा पाजून घरी पाठवलं.

बादलीतलं जेल फेसाळ, मधे पिवळं. फेकलं.

५ मे

परात. स्टीलची रुंद परात, तीत मिश्रणाचा दीड सेंमीचा थर, परात ६० अंशाच्या पाण्यावर, वरून पॉलिथिनचा कागद पृष्ठभागाला टेकवून. कागद नसला तर हवेतला ऑक्सिजन लागून वरचा थर चिकट राहतो. तळातून उष्णता पाण्यात जाते; मध्यभागी थर्मामीटर ७४ च्या वर गेला नाही. एका परातीत तिप्पट बॅच, १६० ग्रॅम. गोळा वडीसारखा सुटतो आणि सुरीने चौकोन पडतात, वाळवायलाही सोपं. परातीतल्या जेलची भाराखालची फुगवट २३.

तेरा पराती लागतील.

२३ मे

कुंड्यांची दुसरी फेरी वाया गेली. मे महिन्यात असा पाऊस मला आठवत नाही. शेडनेटमधून पाणी गळून ३६ पैकी ३६ कुंड्या भिजल्या. नोंदी खोडल्या. प्रबंधात एकच फेरी जाईल आणि एकच फेरी झाली असं स्पष्ट लिहायचं, हे दोघांना सांगितलं.

१० जून

पुरलेल्या पिशव्या काढल्या, ९९ दिवसांनी. धुऊन, आम्लात कॅल्शियम सोडवून, वाळवून तोललं. सरासरी ९ टक्के वजन घटलं. जेलमध्ये स्टार्च सुमारे ११ टक्के होता. जंतूंनी स्टार्च खाल्ला असणार, आणि पॉलिअक्रिलेटचा कणा तसाच आहे. कार्बन-कार्बनची ती साखळी माती सहजासहजी तोडत नाही.

प्रबंधाच्या मसुद्यातून 'जैवविघटनशील' हा शब्द चारही ठिकाणचा मी काढला. विद्यार्थिनी म्हणाली, सगळेच तसं लिहितात, मॅडम. आपण 'स्टार्चयुक्त' लिहू, आणि ९९ दिवसांत किती घटलं ते लिहू.

दादालाही सांगितलं, हे पन्नास ग्रॅम खड्ड्यात बरीच वर्षं राहील. त्याने विचारलं, झाडाला अपाय? आमच्या मोजणीत तरी दिसला नाही, पण एका उन्हाळ्यावरून मी हमी देत नाही. त्याने ४० खड्डे तसेच ठेवायचं ठरवलं, वाढवायचे नाहीत.

१९ जून

लागवड. सीताफळ, बालानगर जातीचं, माळावर ८० रोपं. सम ओळींत जेल, विषम ओळींत नाही, म्हणजे उताराचा फायदा एकाच बाजूला मिळायला नको. खड्ड्यातली खालची माती घमेल्यात काढून, ५० ग्रॅम कोरडं जेल कालवून परत. दोघं विद्यार्थी दिवसभर होते. वहिनीने शेतातच भाकरी आणली.

आठ खड्ड्यांत रोपाशेजारी जेलची एकेक जाळीची पिशवीही पुरली आहे. दर ऑक्टोबरला दोन काढायच्या, चार वर्षं. वजन, भाराखालची फुगवट आणि कॅल्शियम किती बसलं, तीनच मोजण्या.

पावसाने पहिली उघडीप दिली की रोज संध्याकाळी आणि पहाटे माना मोजायचं काम दादाकडे आहे. त्याने त्यासाठी शंभर पानी वही आणली आणि पहिल्या पानावर ओळींचा नकाशा स्वतःच काढला. कुठल्या ओळीत जेल आहे ते मात्र त्याने नकाशावर लिहिलेलं नाही. म्हणाला, "मला माहीत असलं तर मला तिकडचीच रोपं ताठ दिसतील." म्हणून प्रत्यक्ष मोजणी तो आता पुतण्याकडून करून घेणार आहे, मजुरांनाही ओळी न सांगता. ओळींची यादी माझ्या कपाटात, बंद पाकिटात.